एंजल क्लेअरचे निद्राभ्रमण

टॉमस हार्डी याच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' या कादंबरीच्या सदतिसाव्या प्रकरणापाशी बहुतेक वाचक क्षणभर थबकतात. विवाहाला चार-सहा दिवसही झालेले नसताना पत्नीला दूर लोटण्याचा निश्चय केलेला एक सुशिक्षित तरुण मध्यरात्री झोपेतच तिच्या खोलीत येतो, तिला चादरीत गुंडाळून उचलतो, नदीपलीकडे नेतो आणि एका पडक्या मठातील दगडी शवपेटीत ठेवतो. सकाळी त्याला यातील काहीच आठवत नाही. या विलक्षण वर्तनाचा अर्थ काय लावावयाचा? इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांत याचे एक ठरीव उत्तर रूढ झाले आहे. एंजल क्लेअरच्या बुद्धीने टेसचा त्याग केला असला तरी त्याच्या हृदयाने तो केलेला नव्हता, आणि बुद्धी निजली तेव्हा हृदय जागे झाले, असे ते उत्तर. ते ऐकावयास गोड आहे; परंतु माझ्या मते ते अपुरे आहे, किंबहुना वाचकाची दिशाभूल करणारे आहे. या प्रसंगाचा खरा अर्थ उलगडण्यास आपल्या जुन्या आचारांतील एक शब्द फार उपयोगी पडतो. तो पुढे येईलच.

ज्यांना ही कादंबरी वाचून बरीच वर्षे लोटली असतील त्यांच्यासाठी संविधानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. टेस ही एका दरिद्री, व्यसनी फेरीवाल्याची थोरली मुलगी. आपले घराणे मूळचे थोर सरदारांचे आहे असे बापाला कोणीतरी सांगते आणि सर्व अनर्थांना तेथून प्रारंभ होतो. घरचा एकुलता एक घोडा रात्रीच्या प्रवासात टेसचा डोळा लागल्यामुळे अपघातात मरतो. त्या अपराधाच्या टोचणीने ती डर्बरव्हिल हे नाव लावणाऱ्या एका श्रीमंत घरी चाकरीस जाते. तेथील तरुण मालक ॲलेक एका रात्री अरण्यात तिचा घात करतो. तिला मूल होते आणि ते मरते. पुढे टॅल्बोथेज येथील गोठ्यावर गवळणीचे काम करीत असता तिची आणि एंजल क्लेअरची भेट होते. हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. धर्ममतांवर विश्वास नाही म्हणून त्याने पाद्री होण्याचे नाकारलेले असते, त्यापायी केंब्रिजचे शिक्षण गमावलेले असते, आणि आता तो शेती शिकत असतो. टेस त्याला पूर्वायुष्य सांगू पाहते. ते तिच्याकडून सांगून होत नाही. डिसेंबरच्या एकतीस तारखेला लग्न होते. त्याच रात्री एंजल आपल्या गतायुष्यातील एक पाप कबूल करतो: लंडनमध्ये एका अनोळखी स्त्रीच्या संगतीत त्याने दोन दिवस घालविलेले असतात. टेस त्याला तत्काळ क्षमा करते आणि मोठ्या विश्वासाने आपली कहाणी सांगते. तिला मात्र क्षमा मिळत नाही. आपण जिच्यावर प्रेम केले ती तू नव्हेस, तुझ्या रूपातील दुसरीच कोणी होती, अशा आशयाचे त्याचे उत्तर असते.

यानंतरचे काही दिवस ती दोघे वेलब्रिजच्या जुन्या वाड्यात परक्यासारखी राहतात. विभक्त व्हावयाचे ठरते, आणि निघण्याच्या आदल्या रात्री तो प्रसंग घडतो. एंजल पायांत केवळ लोकरी मोजे घालून टेसच्या खोलीत येतो. ती मेली, असा शोक तो पुटपुटत असतो. तो तिला प्रेतवस्त्रात गुंडाळावे तशी चादरीत गुंडाळतो आणि जिना उतरून बाहेर पडतो. जागेपणी ज्या लाडक्या शब्दांचा त्याने कटाक्षाने त्याग केला होता ते सर्व शब्द आता त्याच्या ओठांवर येतात. फ्रूम नदीवरच्या अरुंद पुलाचा कठडा पुराने वाहून गेलेला असतो. त्या फळीवरून तो तिला हातांवर घेऊन चालत जातो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ओढ्यावरचे साकव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या चालण्यातील भय निराळे सांगावयास नको. दोघे मिळून बुडालो तर किती बरे होईल, असे टेसच्या मनात येऊन जाते. तथापि ती हालचाल करीत नाही, कारण तिच्या हालचालीने त्याचाही जीव जाईल. पलीकडे मठाच्या भग्न मंदिरात, उत्तरेच्या भिंतीशी, कोण्या मठाधिपतीची रिकामी दगडी शवपेटी असते. तीत तो तिला ठेवतो, तिचे चुंबन घेतो आणि मोठे काम उरकल्यासारखा बाजूस जमिनीवर आडवा होऊन गाढ झोपी जातो.

या प्रकरणावर अतिरंजिततेचा आरोप अनेकदा झाला आहे. शेतकऱ्याच्या गोठ्यातील दूध, लोणी आणि चीज यांचे इतके खरे वर्णन करणाऱ्या लेखकाने एकदम पडका मठ, शवपेटी आणि मध्यरात्र ही जुन्या भयकथांची सामग्री का काढावी, असा तो आक्षेप. त्यास वैद्यकाचीही पुस्ती जोडता येईल. निद्राभ्रमण हे बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ व बव्हंशी स्वप्नहीन निद्रेतून उद्भवते, असे आज शरीरशास्त्रज्ञ सांगतात. स्वप्नातील कृती अंगाने करून दाखविणे हा निराळा विकार असून त्याचे नीट वर्णन १९८६ मध्ये झाले. एंजलच्या ठायी हे दोन्ही प्रकार एकवटलेले दिसतात. परंतु कादंबरीकार हा काही रोगनिदान लिहीत नसतो. त्याच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न एवढाच, की त्याने या पात्राला झोपेत हेच करावयास का लावले.

झोपेत चालणारे पात्र ही वाङ्मयातील जुनी युक्ती आहे. लेडी मॅक्बेथ झोपेत हात धुते. शिवराम महादेव परांजप्यांच्या 'मानाजीराव'पासून शिरवाडकरांच्या १९५४ सालच्या 'राजमुकुट'पर्यंत मराठी रंगभूमीला त्या राणीची ओळख आहे. जागेपणी दाबून टाकलेली पापाची जाणीव तेथे निद्रेत वर येते. दुसरे उदाहरण बेलिनीच्या १८३१ सालच्या 'ला सोनाम्बुला' या संगीतिकेचे. त्यातील नायिकेच्या शीलाविषयी संशय घेतला जातो. परंतु ती पाणचक्कीजवळच्या धोक्याच्या वाटेवरून झोपेत चालत येताना सर्व गाव पाहते आणि तिचे निरपराधित्व सिद्ध होते. या दोन्ही ठिकाणी निद्रा ही सत्याची साक्षीदार आहे. हार्डीच्या प्रसंगातही ती तशीच असली पाहिजे, असे आपण गृहीत धरतो, आणि 'झोपेतला एंजल तोच खरा एंजल' असा निर्णय देऊन मोकळे होतो. पण हे गृहीत मान्य केले तरी पुढचा प्रश्न शिल्लकच राहतो. ही साक्ष नेमकी कशाची आहे?

कादंबरीतच याची पूर्वतयारी आहे. लग्नापूर्वी, नाताळच्या आदल्या दिवशी, एक ओळखीचा मनुष्य टेसविषयी अनुदार शब्द काढतो आणि एंजल त्याला ठोसा लगावतो. त्या रात्री तो झोपेत त्याच माणसाशी झुंजत आपल्या प्रवासी पेटीवर बुक्के मारीत सुटतो. म्हणजे जागेपणी जे अर्धवट राहिले ते हा गृहस्थ झोपेत पुरे करतो. झोप त्याच्या जागृतीला विरोध करीत नाही. तिचेच काम ती पुढे चालविते. हे एकदा ध्यानात आले की वेलब्रिजची रात्र निराळी दिसू लागते. जागेपणी त्याने सांगितलेले असते की माझी प्रिया तू नव्हेस. मग ती प्रिया गेली कोठे? ती मेली असली पाहिजे. आणि मेलेल्या माणसाचे जे करावयाचे असते ते करणे त्या निग्रही, कर्तव्यदक्ष तरुणाला प्राप्तच होते. दिवसा त्याने शिक्षा फर्मावली आणि रात्री तिची अंमलबजावणी केली. दोहोंत विसंगती कोठेच नाही.

त्या चुंबनाचे आणि लाडक्या शब्दांचे काय, असे कोणी विचारील. ते खोटे आहेत असे मी म्हणत नाही. परंतु ते कोणाला उद्देशून आहेत हे पाहिले पाहिजे. ते प्रेताला उद्देशून आहेत. जिवंत टेस त्याच्या हातांवर आहे, तिचा श्वास त्याच्या छातीला लागत आहे, आणि तो मात्र ती गेली म्हणून शोक करीत आहे. पुढे टेस थंडीने कुडकुडत उठते आणि हळूच बोलून त्याला चालावयास लावते, तेव्हा ती आत्मारूपाने उठून आपणास स्वर्गाकडे नेत आहे असे त्याला वाटत असल्याचे हार्डी सांगतो. एवढे घडूनही ती जिवंत आहे ही गोष्ट त्या स्वप्नात शिरत नाही. प्रेत म्हणून ती त्याला चालते, आत्मा म्हणूनही चालते. मधली, अनवाणी पायांनी दगडांवरून ठेचकाळत चालणारी स्त्री तेवढी चालत नाही.

वर ज्या शब्दाचा उल्लेख केला तो आता सांगतो. आज आपण 'घटस्फोट' हा शब्द विवाहविच्छेद या अर्थाने सर्रास वापरतो. जुन्या धर्मशास्त्रात त्याचा अर्थ याहून भयंकर होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताचा हा विधी दिलेला आहे. सायंकाळी, निंद्य दिवशी, गावाबाहेर आप्तांनी जमावे. जिवंत माणसाच्या नावाने मृतासारखे पाणी द्यावे. दासीने पाण्याने भरलेला घट पायाने उलथावा. आप्तांनी सुतक पाळावे. आणि त्यानंतर त्या माणसाशी बोलणे, बसणे, व्यवहार करणे सर्व बंद करावे. घटश्राद्ध ते हेच. कन्नड लेखक यू. आर. अनंतमूर्ती यांनी याच नावाची कथा लिहिली आणि गिरीश कासरवळ्ळी यांनी १९७७ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, म्हणून हा शब्द पुष्कळांच्या परिचयाचा आहे. वेलब्रिजला त्या रात्री जे घडले ते माझ्या मते घटश्राद्ध आहे. गावाबाहेरची जागा, अवेळ, जिवंत माणसाचे और्ध्वदेहिक, आणि दुसऱ्या दिवसापासून व्यवहार बंद: सर्व अंगे जुळतात. मात्र आपल्या स्मृतीकाराने परतीची एक वाट ठेवलेली होती. प्रायश्चित्त घेतलेल्या पतिताबरोबर आप्तांनी पवित्र जलाशयात स्नान करावे, नवा घट पाण्यात टाकावा आणि त्याला घरात घ्यावे, असे तो सांगतो. पतित स्त्रीलाही अन्नवस्त्र आणि घराजवळ राहावयास जागा द्यावी, असे त्याचे म्हणणे आहे. धर्मग्रंथ झुगारून दिलेल्या एंजलने टेसला पैशांचे पाकीट दिले आणि तो ब्राझीलला निघून गेला. परतीची वाट त्याने ठेवली नाही. मी तुझ्याकडे येईपर्यंत तू येऊ नकोस, एवढीच आज्ञा ठेवली.

कर्जत येथे हे प्रकरण वर्गात शिकविताना मला एक गोष्ट वारंवार आढळून आली आहे. पुण्यामुंबईच्या टीकाग्रंथांतील 'बुद्धी विरुद्ध हृदय' हे सूत्र विद्यार्थी उत्तरपत्रिकेत इमानेइतबारे उतरवितात. परंतु प्रत्यक्ष बोलताना त्यांचे मत निराळे असते. कडाव-कशेळ्याकडील मुलांना पहिल्यांदा आठवतो तो चकवा. रात्री रानात माणसाला वाट चुकवून फिरविणारे हे भूत आमच्या बाजूस सर्वांना ठाऊक आहे. एंजलला चकवा लागला असावा, असे एकाने म्हणताच चौकहून येणारी एक मुलगी म्हणाली, "चकवा लागलेला माणूस वाट चुकतो, सर. हा तर नेमका स्मशानातच गेला." मला वाटते, या एका वाक्यात पुष्कळ टीका सामावलेली आहे. एंजलची पावले एकदाही चुकत नाहीत. कठडा नसलेला पूल तो ओलांडतो, अंधारात मठ शोधतो, शवपेटी शोधतो. भ्रमिष्ट माणसाचे हे चालणे नव्हे. कोठे जावयाचे ते पक्के ठरलेल्या माणसाचे आहे.

त्याच मुलांशी बोलताना दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. कर्जत-खालापूरच्या गावांतील कष्टकरी समाजांत पूर्वापार काडीमोड होती आणि पाटही होता. पंचांसमोर काडी मोडावयाची आणि दोघांनी आपापल्या वाटेने जावयाचे. त्यानंतर दोघेही जिवंतच असत आणि पुन्हा संसार मांडीत. पांढरपेशा समाजाने मात्र घट फोडला. मौज अशी की आज मराठी भाषेने काडीमोड हा शब्द बाजूस सारून घटस्फोट हा शब्द सर्वांसाठी कायम केला आहे. हार्डीच्या कादंबरीत हाच भेद आहे. टेसची आई जोन ही अडाणी, निष्काळजी बाई. पण झाले ते झाले, नवऱ्याजवळ बोलू नकोस, अशा गोष्टी अनेकींच्या आयुष्यात घडतात, असे ती मुलीला कळविते. हा उपदेश नीतीच्या दृष्टीने उच्च नसेल. परंतु त्यात मुलगी जिवंत राहते. एंजलची नीती उच्च आहे आणि तीत टेस मरते. टेसच्या स्वतःच्या वर्गात जो डाग काळाने पुसट झाला असता तो सुशिक्षित पतीच्या आदर्शापुढे प्राणघातक ठरतो, हे या कादंबरीतील कटू सत्य आहे.

हा प्रसंग एकटा वाचण्यात आणखी एक नुकसान होते. टेसच्या आयुष्यातील इतर रात्री त्याच्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली चेजच्या अरण्यातील. तेथे टेस झोपलेली आहे आणि पुरुष जागा आहे. त्याचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे. दुसरी रात्र मुलाच्या आजारपणाची. ते बाप्तिस्म्यावाचून मरणार या भीतीने टेस धाकट्या भावंडांना उठविते, पाण्याचे भांडे आणविते आणि स्वतःच त्याला बाप्तिस्मा देऊन 'सॉरो', म्हणजे दुःख, असे त्याचे नाव ठेवते. पुढे धर्मगुरू त्या मुलाला विधिपूर्वक दफन नाकारतो, आणि ते मूल कंदिलाच्या उजेडात, दफनभूमीच्या टाकाऊ कोपऱ्यात पुरले जाते. ही दोन मध्यरात्रीची धर्मकृत्ये जोडीने पाहिली म्हणजे हार्डीची योजना स्पष्ट होते. अल्पशिक्षित टेस विधी करते तो मरणाऱ्या जीवाला वाचविण्यासाठी. सुशिक्षित एंजल विधी करतो तो जिवंत माणसाला मृतांत जमा करण्यासाठी. मृत मुलाला जे दफन मिळाले नाही ते त्याच्या जिवंत आईला मिळाले.

वेलब्रिजच्या रात्री चेजची अदलाबदल होते. आता पुरुष झोपलेला आहे आणि टेस जागी आहे. तो पूर्णपणे तिच्या हातात आहे. एका धक्क्याने सर्व संपले असते. ती काय करते? त्याला सर्दी होऊ नये याची चिंता करते. त्याला दचकवून जागे केले तर अपाय होईल म्हणून ती गोड बोलून त्याला दगडी पुलावरून परत आणते, निजविते, पांघरूण घालते. निद्रिताशी जागृत माणसाने कसे वागावे याचे दोन नमुने हार्डीने दोन रात्रींत ठेवले आहेत. टीकाकारांनी या प्रकरणात एंजलच्या मनाचा इतका शोध घेतला की त्या रात्री जागे असलेले एकमेव माणूस कोण होते याचा त्यांना विसर पडला. प्रसंगाचे नाव निद्राभ्रमण असले तरी त्याचा गाभा टेसची जागृती हा आहे.

सकाळी ती काहीच सांगत नाही. बुद्धीने नाकारलेले प्रेम आपण झोपेत प्रकट केले हे कळले तर तो रागावेल, ओशाळेल, असे तिला वाटते. येथेच त्या रूढ अर्थाचे मूळ आहे. 'हृदयाने प्रेम, बुद्धीने त्याग' हे स्पष्टीकरण हार्डी टेसच्या मौनाचे कारण म्हणून, तिच्या मनात शिरून देतो. तिला त्या रात्री प्रेमच दिसावे हे स्वाभाविक आहे. नव्या नवरीला चार दिवसांच्या दुष्काळानंतर मिळालेले ते पहिले मायेचे शब्द होते. परंतु ज्याला शवपेटीत ठेवले त्याची साक्ष प्रमाण मानून ठेवणाऱ्याला निर्दोष सोडणे हा न्याय नव्हे. तिची क्षमा तिला शोभते. ती वाचकाने परस्पर वाटून टाकू नये.

या कादंबरीचा काळ पाहिला म्हणजे आपणास आणखी अंतर्मुख व्हावे लागते. 'ग्राफिक' या साप्ताहिकातून काटछाट होऊन ती १८९१ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुस्तकरूपाने निघाली. मधल्या एका प्रसंगी एंजल गवळणींना हातांवर उचलून पाण्यापलीकडे नेतो. संपादकांना ते अनुचित वाटल्यामुळे साप्ताहिकापुरती त्या मुलींना ढकलगाडीत बसवावे लागले. त्याच १८९१ च्या मार्चमध्ये आपल्याकडे संमतिवयाचा कायदा झाला आणि पुण्यात रण माजले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' त्या वेळी 'करमणूक' पत्रातून क्रमशः येत होती. त्या कादंबरीतील यमूला पती भला मिळतो, पण तो मरतो, आणि केशवपनाच्या रूपाने समाज तिला जिवंतपणी मृत करतो. टेसचे दुःख याहून एका अंशाने अधिक आहे, कारण तिचा विधी करणारा समाज नाही, मामंजी नाहीत. खुद्द सुधारक पती आहे. पंचहौद मिशनमधील चहाबद्दल १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषाने प्रायश्चित्त घेतले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. विचाराने पुढे गेलेल्या माणसाचे पाय जुन्या मातीत किती खोल रुतलेले असतात हे त्या पिढीने अनुभवले. थोरांची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. सांगावयाचे ते इतकेच, की एंजल क्लेअर हा परका इंग्रज नव्हे. तो आपल्या घरातील, चार पुस्तके वाचलेला, जातपात न मानणारा, स्त्रीशिक्षणावर व्याख्यान देणारा गृहस्थ आहे. दिवसा तो नव्या मतांचा असतो. प्रसंग पडला की जुनी शवपेटी कोठे आहे हे त्याच्या पायांना अंधारातही ठाऊक असते.

एंजलला मी फार कठोर लेखतो, असा आक्षेप येईल. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ब्राझीलमध्ये तापाने झिजत असता एका अनोळखी सोबत्याच्या बोलण्याने त्याचे डोळे उघडतात. तो परत येतो. परंतु तोपर्यंत दारिद्र्याने गांजलेली टेस पुन्हा ॲलेकच्या हाती पडलेली असते. ती ॲलेकचा खून करते आणि दोघे पळतात. अखेर स्टोनहेंजच्या शिळांत एका रात्री ती थकून एका दगडावर झोपी जाते. आता तिसऱ्यांदा ती अदलाबदल होते: टेस झोपलेली, पुरुष जागा. पहाटे शिपाई चोहोंकडून येतात तेव्हा तिची झोप पुरी होऊ द्या एवढीच तो विनंती करतो, आणि ते थांबतात. वेलब्रिजला टेसने त्याच्या झोपेची राखण केली होती. येथे तो तिच्या झोपेची राखण करतो. हे ऋण त्याने फेडले हे मान्य केलेच पाहिजे, आणि कादंबरीतील त्याचे सर्वांत निर्मळ कृत्य तेच आहे. तथापि पुन्हा दगडच आहे, पुन्हा ती त्यावर निजलेली आहे, आणि या वेळी ती खरोखरीच मरणार आहे. ज्या प्रेताची त्याने स्वप्नात कल्पना केली ते फासावर सत्यात उतरले.

शेवटच्या पानावर टेसची धाकटी बहीण लिझा-लू हिचा हात धरून एंजल टेकडीवरून चालताना दिसतो. ती म्हणजे टेसचीच जणू आत्मरूप झालेली प्रतिमा, असे तिचे वर्णन हार्डी करतो. पुष्कळांना हा शेवट सांत्वनाचा वाटतो. मला तेथे वेलब्रिजचे स्वप्न आठवते, ज्यात टेसचा आत्मा एंजलला हात धरून स्वर्गाकडे नेत होता. त्याला हवी होती ती निष्कलंक, देहाच्या इतिहासापासून मुक्त अशी टेस त्याला अखेर मिळाली. तिच्यासाठी खरी टेस खर्ची पडली. ब्राझीलहून परतलेला एंजल पुरता जागा झाला होता काय, याचे उत्तर हार्डीने वाचकावर सोपविले आहे. ते प्रत्येकाने आपापल्या परीने द्यावे. मात्र ते देताना त्या रात्रीच्या गोड शब्दांना प्रेमाचा पुरावा समजू नये. ज्या माणसाला आपण आपल्या कल्पनेपुरते मारून टाकले त्याच्यासाठी अश्रू ढाळणे फार सोपे असते. तो उठून थंडीने कुडकुडत समोर उभा राहिला म्हणजे आपण काय करतो, यावर प्रेमाची परीक्षा होते.